समुद्र बघायला वेळ कुणाला आहे?

फर्स्ट इयरला लेडीज होस्टेलमध्ये रूम मिळाली तेव्हापासून एक प्रश्न माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे. "तू मालवणची? मग काय, रोज समुद्रावर जात असशील!" विचारणारी नागपूरची असो, नांदेडची असो, की आमच्या लायब्ररीतल्या मॅडम असोत, चेहऱ्यावर भाव तोच. जणू आमच्या गावात माणसं सकाळी उठून वाळूत पाय सोडून बसतात आणि सूर्य बुडाला की कपडे झटकून घरी जातात. जिन्यावर उभ्याउभ्या या प्रश्नाचं उत्तर पाच सेकंदांत द्यावं लागतं. सविस्तर उत्तर इथे देते. आमचं घर चिवल्याच्या किनाऱ्यापासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे, आणि माझ्या आईने गेल्या वर्षभरात समुद्र किती वेळा पाहिला हे एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. त्यातली एक वेळ नारळी पौर्णिमेची. त्या दिवशी अख्खं मालवण बंदरावर लोटतं, दर्याला नारळ अर्पण होतो, बायकांच्या नारळ लढवायच्या स्पर्धा लागतात. आणि मुख्य म्हणजे तेव्हा सीझन नसतो!

समुद्रकाठच्या माणसाला समुद्र बघायची सवय नसते, असं आमच्याकडे येणारे पाहुणे कौतुकाने म्हणतात. "तुम्हाला काय, रोजचंच!" यात अर्धं खरं आहे. आमचं जुनं घर रस्त्याकडे तोंड करून आणि समुद्राकडे पाठ करून उभं आहे. मधे माड. समुद्र दिसत नाही, पण तो घरात येतोच. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, पापड दोन दिवसांत सर्दाळतात, नवीन कडी-कोयंडा एका पावसाळ्यात तांबडा होतो. माझे बाबा पंखे, मिक्सर, फ्रीज दुरुस्त करतात, म्हणजे खारा वारा हा आमचा अन्नदाताच म्हणायचा. (26 ऑगस्ट 2024 ला राजकोटावरचा पुतळा कोसळला, त्यानंतर नट-बोल्टांच्या गंजाची चर्चा देशभर झाली. आमच्याकडे ती चर्चा माझ्या जन्माआधीपासून रोज जेवताना होते.)

आणि आजी तर समुद्राकडे न बघता समुद्राची वेळ सांगते. आमच्या कॉन्व्हेंटच्या जॉग्रफीच्या पुस्तकात स्प्रिंग टाइड आणि नीप टाइड होत्या. आजीकडे उधाण आणि भांग आहेत. गोष्ट तीच, पण आजीचं कॅल्क्युलेशन जास्त सोपं. तिथीची पाऊणपट करायची, की आली पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित थोडं ढोबळ, पण कालवं काढायला कधी जायचं हे ठरवायला भरपूर अचूक! आजीचं हे गणित आईने उचललं. त्यामुळे पाहुण्यांनी अंगणातून "काकू, पाणी कधी वाढतं हो?" असं विचारलं की आई आतून, आडाळ्यावर नारळ खवता खवता, मान वर न करता वेळ सांगते. पाहुणे थक्क होतात. मला मात्र तेव्हा वाटतं, या बाईला समुद्राचं अख्खं टाइमटेबल पाठ आहे आणि तिचं स्वतःचं टाइमटेबल असं आहे की त्यात समुद्र कुठे बसतच नाही.

आता मुद्द्यावर येते. सिंधुदुर्ग हा 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, 2021 च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला. 'येवा, कोकण आपलाच असा' ही पाटी तुम्ही सगळ्यांनी गोव्याला जाताना बसच्या खिडकीतून पाहिली असेल. लोक आले. पण ते आले म्हणजे राहणार कुठे आणि जेवणार काय? मोठी हॉटेलं थोडी. मग घराघरांतून मागच्या पडवीच्या खोल्या झाल्या, संडास-बाथरूम जोडले गेले, दारात बोर्ड लागले. आम्हीही मी आठवीत असताना कर्ज काढून मागे दोन खोल्या बांधल्या. आमच्या बोर्डावर लिहिलंय, 'राहण्याची व घरगुती मालवणी जेवणाची सोय'.

या 'घरगुती' शब्दावर माझं फार दिवसांपासून लक्ष आहे. पाहुणा पैसे मोजतो ते या शब्दाचे. सुरमईचा तुकडा मुंबईतही मिळतो. पण ताजं वाटप, तिरफळाचा वास, आगळ घालून तिथल्या तिथे केलेली सोलकढी, गरम घावणे आणि वर "अजून एक घ्या, लाजू नका" म्हणणारं कुणीतरी, हे विकत मिळत नाही म्हणून ते विकत घ्यायला लोक चारशे-पाचशे किलोमीटर येतात. मग 'घरगुती' म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत, जिचा पगार कुठे लिहिलेला नाही अशा घरातल्या बाईने केलेलं.

मागच्या मे महिन्यात एक दिवस मी वही घेऊन आईच्या मागे मागे फिरले. आमच्या वर्कशॉपला टाइम स्टडी शिकवतात ना, तशी. पहाटे 5 ला ती उठली. नाश्त्याला एका खोलीत आंबोळ्या, दुसऱ्या खोलीतल्या लहान मुलाला उपमा, कारण "तो हे खात नाही". मग चहा, मग "बिनसाखरेचा एक". नऊनंतर मासे आले. माझ्या दृष्टीने मासे साफ करणं हे इंजिनिअरिंग ड्रॉइंगपेक्षा कठीण काम आहे, सुंगटं सोलणं तर नक्कीच. दहा माणसांचं दोन्ही वेळचं जेवण म्हणजे त्या दिवशी आठ नारळ खवून झाले. दुपारचं जेवण दीडला सुरू झालं, कारण मंडळी स्कूबा डायव्हिंगहून उशिरा आली, आणि साडेतीनला संपलं. आई स्वतः जेवली पावणेचारला. ताटात बांगड्याचं शेपूट आणि कढीचा तळ. मग चाळीस मिनिटं ती आडवी झाली. पाचला चहा-भजी. साडेसहाला, म्हणजे बरोब्बर ज्या वेळी सगळे पाहुणे सनसेट बघायला चिवल्यावर गेले होते, त्या वेळी ती वड्यांचं पीठ मळत होती. रात्री पावणेअकराला शेवटची कढई घासून झाली. सव्वाअकराला खोलीतून हाक आली, "काकू, थोडंसं गरम पाणी मिळेल का?" मिळालं.

मी म्हटलं, "आई, आज सनसेट मस्त होता म्हणे." ती म्हणाली, "दर्या खय पळान जाता? जाऊया सावकाश."

तुम्ही म्हणाल, पावसाळ्यात तर बंदच असतं ना सगळं? किल्ल्याच्या होड्या बंद, जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, पाहुणे कमी. खरं आहे. पण त्याआधी मे महिन्यात, भर सीझनमध्येच, वर्षाची बेगमी असते. सोलं, आगळ, मसाला, सुके बांगडे. आणि पाऊस सरता सरता चतुर्थी, म्हणजे आमच्याकडे घरच्या पाहुण्यांचा सीझन! त्यामुळे आईच्या कॅलेंडरमध्ये ऑफ-सीझन नावाचा भाग छापायचाच राहून गेला आहे.

याच सेमिस्टरला आम्हाला इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स होतं. प्रॅक्टिस म्हणून मी घरच्या धंद्याचा हिशोब मांडायला घेतला. बाबांची वही चोख असते. गॅस, मासळी, नारळ, लाइट बिल, चादरी-उशांचे अभ्रे, धोबी, कर्जाचा हप्ता, सगळं. गीझरचा घसारासुद्धा त्यांनी धरलाय, कारण आमच्या पाण्या-हवेत गीझर किती वर्षं टिकतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? मजुरीच्या रकान्यात दोन नोंदी होत्या. खोल्या पुसायला येणारी बाई आणि माड झाडणारा माणूस. बस्स. गीझरचा घसारा धरलेला, आईचा नाही. तिचा गुडघा गेल्या तीन वर्षांत किती झिजला ते डॉक्टरांच्या फाइलमध्ये आहे, वहीत नाही.

याहून मजेची (म्हणजे मजेची नाहीच) गोष्ट त्याआधीच्या डिसेंबरात घडली होती. ऐन नाताळच्या गर्दीत आई तापाने आठ दिवस झोपली. बुकिंग घेतलेलं. बाबांनी एका स्वयंपाक करणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी दिवसाचा जो आकडा सांगितला तो ऐकून बाबा गप्प झाले. "एवढं दिलं तर आपल्याला उरणार काय?" असं ते म्हणाले. आता हे वाक्य नीट वाचा. बाबा वाईट माणूस अजिबात नाहीत, ते हिशोबाने अगदी बरोबर बोलले. पण त्याचा अर्थ काय होतो? आमचा धंदा नफ्यात आहे तो आई फुकट आहे म्हणून! शेवटी कुडाळहून मावशीला बोलावलं. तीही फुकट आली. जाताना आईने तिला साडी दिली. त्या साडीची नोंद मला वहीत 'घरखर्च' या सदरात सापडली.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली होती. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा सरासरी वेळ निघाला दिवसाला 299 मिनिटं, पुरुषांचा 97. आकडा मोठा आहेच, पण मला प्रश्न वेगळाच पडतो. आमच्या घरी असा पाहणी करणारा आला तर आईचा वेळ तो कुठल्या रकान्यात टाकेल? एकाच टोपात बारा माणसांची आमटी आहे. त्यातली आठ माणसं पैसे देणारी, चार आम्ही. टोप एक, गॅस एक, ढवळणारा हात एक. दोन तृतीयांश व्यवसाय आणि एक तृतीयांश संसार? शहरात बाई ऑफिसला जाते तेव्हा निदान दार ओलांडते आणि कुणालाही कळतं की आता ती कामावर गेली. आमच्याकडे ऑफिस घराच्या आत आलं, आणि आलं ते चुलीपाशी येऊन बसलं. त्यामुळे बाबा दुकानातून आले की 'कामावरून आले' आणि आई दिवसभर 'घरीच असते'.

यावर जी उत्तरं मला मिळाली आहेत ती मी प्रामाणिकपणे नोंदवते. पहिलं उत्तर, "हे पैसे शेवटी तुमच्याचसाठी ना?" हो. माझी होस्टेलची फी त्याच खोल्यांतून येते हे मला चांगलं माहीत आहे. म्हणूनच तर हा प्रश्न विचारायचा माझा हक्क जास्त! दुसरं उत्तर आजीचं, "पावण्यांका जेवक वाढूचा म्हणजे पुण्य." आजी, मान्य. पण पूर्वी पाहुणा यायचा तेव्हा तो पैसे देत नव्हता आणि 'सुरमई थोडी लहान होती' असा अभिप्रायही मोबाइलवर लिहून जात नव्हता. पुण्याला रेटिंग नसतं. पैसे घेतले की तो धंदा झाला, आणि धंद्यात काम करणाऱ्याला मोबदला आणि सुट्टी, दोन्ही लागतात. तिसरं उत्तर सगळ्यात अवघड, कारण ते आईचं स्वतःचं आहे. "माका आवडता गो." तिला खरंच आवडतं. कुणी दुसऱ्यांदा कढी मागितली की तिचा चेहरा खुलतो. पण आवडतं म्हणून पगार नको, असं आपण कधी कुठल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला सांगितल्याचं मला तरी ऐकिवात नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूत सगळेच सांगतात ना, "सर, आय लव्ह कोडिंग"?

आईला समुद्र नको असतो असं कुणी म्हणू नये म्हणून एक सांगते. 2020 साली टाळेबंदी आली. खोल्या रिकाम्या, हप्ता चालू, घरात सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. त्या वर्षी पाऊस थांबल्यावर, पाहुणे पुन्हा यायला लागायच्या आधीचे काही आठवडे, आई रोज संध्याकाळी शेजारच्या काकींबरोबर चिवल्यावर जायची. कुणी सांगितलं नव्हतं. पाच वाजले की केसांवरून फणी फिरवायची, चपला घालायची, निघायची. एक-दोनदा मीही गेले. रापण ओढणाऱ्यांपासून जरा लांब दोघी वाळूत बसायच्या आणि फारसं बोलायच्याही नाहीत. परत येताना पायांना वाळू, हातात उगीचच दोन शिंपले. घरात पैशाची एवढी ओढाताण असताना आई गुणगुणत भाकऱ्या थापायची. मग दिवाळी आली, गाड्या सुरू झाल्या, पहिलं बुकिंग आलं. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं, तिलाही वाटलं. फणी पुन्हा सकाळच्या घाईत गेली.

तेव्हा माझं म्हणणं असं नाही की पाहुणे नकोत. पाहुण्यांनीच आमच्यासारखी कितीतरी घरं तगवली आहेत. माझं म्हणणं साधं आहे. वहीत मजुरीच्या रकान्यात आईचं नाव हवं, बाहेरची बाई जो आकडा सांगते त्याच आकड्याने, आणि ते पैसे तिच्या खात्यात. त्यामुळे थाळी महाग झाली तर होऊ दे. म्हणजे इतके दिवस ती खोटी स्वस्त होती, एवढंच. राज्य सरकारने 2023 मध्ये महिलांसाठी पर्यटन धोरण आणलं. त्याचं नाव ठेवलंय 'आई'! 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात मिळतो, पण व्यवसाय बाईच्या मालकीचा असावा लागतो. तिथेच तर सगळी मेख आहे. आमच्याकडे चूल आईच्या ताब्यात आणि कागद बाबांच्या. मी ते कागद डाउनलोड करून बाबांच्या दुकानात सोल्डरिंग आयर्नच्या शेजारी ठेवून आले आहे. अजून त्यांनी 'नाही' म्हटलेलं नाही.

आणि सुट्टी. आपल्या मेसला रविवारी रात्री सुट्टी असते. आपण सगळे कुरकुरतो, वडापाव खातो, झोपतो. कुणी मेलेलं नाही. मी घरी प्रस्ताव मांडलाय की सोमवारी आमची चूल पाहुण्यांसाठी बंद. सोमवारी आमच्याकडे तसाही बऱ्याच घरांत मासा शिजत नाही. गावात चांगल्या खानावळी आहेत, त्यांचाही धंदा होईल. बाबा म्हणाले, "मे महिन्यात?" मी म्हटलं, "मे महिन्यातच." आजीने फक्त विचारलं, "सोमवारी तिथी खयची?" मला वाटतं आजी माझ्या बाजूने आहे.

राहिला तुमचा प्रश्न. परीक्षा संपल्यावर आठजणी मालवणला यायचं ठरवताय हे माझ्या कानावर आलंय. जरूर या. सिंधुदुर्ग किल्ला बघा. 1664 ते 1667 एवढ्या वेळात समुद्रात उभा केलेला कोट आहे तो, सिव्हिलवाल्यांनी तर बघायलाच हवा. तारकर्लीला जा. पण रात्रीचं जेवण नऊला म्हणजे नऊला. आपली ताटं आपण उचलायची. साडेदहानंतर चहा हवा असेल तर ओट्यावर सगळं ठेवलेलं असतं, गॅसचं डावं बटण जरा घट्ट आहे, दाबून फिरवा. 'घरच्यासारखं' म्हणून बिलात सवलत मागू नका. आणि सोमवारी पोचणार असाल तर डबा घेऊन या.